पाणी किती घालता, हे तुम्ही विचारलंत म्हणून

गोव्यात, फोंड्याच्या आमच्या जुन्या घराच्या पडवीत, सोप्यावर, चाळीसेक कुंड्या आहेत. बहुतेक सगळ्या वीतभराच्या आत. त्यांत जाड पानांची, कमळासारखा फेर धरून बसलेली सक्युलंट. म्हाळसेच्या दर्शनाला आलेले नातेवाईक, चतुर्थीचे पाहुणे, विजेचं रीडिंग घ्यायला येणारा मुलगा, सगळे तिथे थबकतात आणि एकच विचारतात, "ह्यांना पाणी किती घालता हो?" त्यामागोमाग ठरलेलं वाक्य येतं, "आमची तर पहिल्याच पावसात कुजून गेली."

पूर्वी मी "पंधरा दिवसांनी एकदा" असं सांगून मोकळी होत असे. त्या उत्तराने कुणाचं झाड जगलेलं मी पाहिलं नाही, आणि ती रुखरुख मनात आहे. म्हणून आता बसून नीट सांगते.

माझी स्वतःची पहिली सहा झाडं एका मे महिन्यात खोक्यातून आली, मुळांची माती झाडून, कागदात गुंडाळून. सोबतच्या चिठ्ठीत विक्रेत्याने लिहिलं होतं की पाणी कमी घाला, बाकी काही लागत नाही. मी ते अक्षरशः पाळलं. पाऊस लागल्यावर कुंड्या झड लागणार नाही अशा आत ओढल्या आणि थेंबभरही पाणी घातलं नाही. जुलैत एका सकाळी केर काढताना त्यातल्या एचेवेरिया नावाच्या झाडाचं खालचं एक पान आपसूक गळून पडलं. उचललं तर उकडलेल्या कांद्याच्या पाकळीसारखं पारदर्शक झालेलं, देठाच्या जागी तपकिरी ठिपका. झाडाला बोट लावलं मात्र, सगळी पानं एकदम सांडली आणि मधे काळा पडलेला दांडा तेवढा उभा राहिला. वरची माती खडखडीत कोरडी होती. सहातली दोन वाचली. ती दोन का वाचली, ह्याचा शोध घेता घेता मला उत्तर सापडलं.

ही झाडं दिवसा पानांची रंध्रं मिटून घेतात. उन्हात रंध्रं उघडली तर साठवलेलं पाणी उडून जाईल, म्हणून हवेतला कार्बन डायऑक्साइड ती रात्री आत घेतात, आम्लाच्या रूपात पानात साठवतात आणि दुसऱ्या दिवशी उजेडात त्याचं अन्न करतात. ह्याची एक जुनी नोंद आपल्या पानफुटीचीच आहे, हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. हिंदुस्थानात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत राहिलेल्या बेंजामिन हेन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने लिहिलं की पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारपर्यंत बेचव होतं आणि संध्याकाळी जरासं कडवट. लंडनच्या लिनियन सोसायटीने ते 1815 साली छापलं. मीही मागल्या दारच्या पानफुटीचा नखाएवढा तुकडा पहाटे जिभेवर ठेवून थुंकून टाकला. बिंबलासारखा आंबट. दुपारी जेवणानंतर तेच केलं, तर नुसता ओल्या गवताचा वास. (तुम्ही करून पाहणार असाल तर गिळू नका, आणि गुरांना तर पानफुटीपासून लांबच ठेवा. तिच्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात.)

तर ह्या झाडांचा कामाचा वेळ म्हणजे रात्र. आणि ती रात्र थंड असावी लागते. रात्रीचा उकाडा वाढला की त्यांची साठवण कमी होते, वाढ थांबते, मुळं पाणी ओढेनाशी होतात. मग कुंडीतली ओल तिथेच राहते आणि तिच्यात बुरशी धरते. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीसुद्धा पारा 26-27 अंशांखाली येत नाही. त्यावर जून ते सप्टेंबर पाऊस. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पडतो, त्यातला बहुतेक ह्याच चार महिन्यांत. त्या दिवसांत हवाच इतकी दमट असते की कपाटातल्या चपलांना बुरशी येते. कुंडीच्या तळची माती पाणी न घालताही सुकत नाही. माझं पहिलं एचेवेरिया असंच गेलं. म्हणून कुणी पाण्याचं विचारलं की मी आधी उलट विचारते: झाड कुठलं आहे, आणि रात्री त्याला वारा लागतो का?

झाड कुठलं, ह्याला महत्त्व आहे कारण दिसायला सगळी बहिणी-बहिणी असली तरी त्यांची माहेरं फार वेगवेगळी आहेत.

एचेवेरिया मूळची बहुतांश मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या वनस्पतींची चित्रं काढणाऱ्या आतानासिओ एचेवेरिया ह्या चित्रकाराचं नाव तिला 1828 मध्ये दिलं गेलं. दिवसा कडक ऊन, रात्री गारठा, आणि वारा सतत, हे तिचं घर. आपल्याकडे ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी सुखात असते आणि बाकीचे आठ महिने तिला सांभाळावं लागतं. पानांवर पांढुरकी भुकटी दिसते ती धूळ नव्हे, मेणाचं आवरण आहे. कडक ऊन आणि पाणी दोन्हींपासून ते पानाला राखतं. एकदा बोट फिरलं की त्या पानावर ते परत नीट येत नाही. माझ्या नातवाच्या अंगठ्याचा ठसा एका पानावर वर्षभर होता, ते पान वाळून गळेपर्यंत. म्हणून कुंडी उचलायची ती कडेने, आणि पानं पुसायची नाहीत.

सेम्परव्हिव्हमच्या नादी लागू नका. युरोपातल्या थंड डोंगरांवरचं झाड ते. तिकडे लोक घरांच्या छपरांवर लावत आले, बर्फाखालीही जगतं. मी तीन वेळा आणलं. दर वेळी "गोव्यात छान येतं" असं सांगूनच विकलं होतं, आणि दर वेळी पावसात गेलं. फुलल्यावर त्याचा तो फेर मरतो, हा त्याचा निसर्गच आहे. इथे मात्र ते फुलण्याआधीच जातं. किनारपट्टीवर ते विकणं मला पटत नाही. एओनियम कॅनरी बेटांतलं, त्यालाही आपला उन्हाळा सोसत नाही.

वाचलेल्या दोघांतलं एक म्हणजे हवोर्थिया. दक्षिण आफ्रिकेत हे झुडपांच्या, दगडांच्या आडोशाने वाढतं, त्यामुळे पडवीतला मंद उजेड त्याला पुरतो. पांढऱ्या आडव्या रेघांचं झेब्रा तुम्ही बाजारात पाहिलं असेल. शास्त्रज्ञांनी आता त्याला हवोर्थियॉप्सिस असं वेगळं नाव दिलंय, विकणारे मात्र हवोर्थियाच म्हणतात. माझं सगळ्यांत आवडतं ते हवोर्थियातलंच कूपरी. त्याच्या पानांचे शेंडे काचेसारखे असतात. सकाळी आठच्या सुमारास उन्हाची तिरीप पडवीत येते तेव्हा ते शेंडे आतून उजळतात, आत हिरव्या शिरा दिसतात. रानात हे झाड मातीत जवळजवळ पुरलेलं असतं, मुळं आक्रसून त्याला खाली ओढून घेतात, आणि ह्या खिडक्यांतून उजेड जमिनीखालच्या पानात उतरतो. मी ते पहिल्यांदा भिंगातून पाहिलं तेव्हा दूध उतू गेल्याचंही कळलं नव्हतं. गोव्यात नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हवोर्थियाच देते.

वाचलेलं दुसरं म्हणजे ग्राप्टोपेटालम. ह्यातलं जे आपल्याकडे सर्रास मिळतं त्याच्या नावात पॅराग्वे आहे, पण मूळ ते मेक्सिकोचंच. सावलीत निळसर राखाडी, उन्हात गुलाबीकडे झुकणारं. मेक्सिकोचं असूनही आपला दमटपणा ते एचेवेरियापेक्षा बरंच सोसतं. त्याचं एक पान धक्क्याने गळलं तरी वाईट वाटून घेऊ नका. ते कोरड्या मातीवर नुसतं ठेवा, पुरू नका, पाणी घालू नका. तीनेक आठवड्यांत देठाकडून केसाएवढी गुलाबी मुळं येतात, मग मोहरीएवढा फेर. त्या मोहरीएवढ्या दाण्यातही पानांची तीच चक्राकार रांग असते, जी आईची. जुनं पान आपलं पाणी त्याला देत देत सुकत जातं.

घायपात आणि कोरफड ह्याच घडणीची, त्यांना इथे काही करावं लागत नाही. घायपात आयुष्यात एकदा फुलते आणि मरते, तेव्हा तिचा बांबूसारखा दांडा आला की समजायचं. तोवर शेजारी पिल्लं उभी असतात.

आता माती. आपली लाल माती ओली असताना हाताला चिकटते आणि सुकल्यावर विटेसारखी घट्ट होते. तिच्यात ही झाडं लावलीत तर पाणी कितीही मोजून घाला, उपयोग नाही. मी एक भाग शेणखत मिसळलेली माती घेते आणि तीन भाग चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची खडी. गावात कुठे घराचं काम निघालं की गवंडी चिरे तासतात, तो चुरा गोणीभर आणायचा, चाळून पीठ टाकून द्यायचं आणि तुरीच्या दाण्याएवढे खडे ठेवायचे. चिरा सच्छिद्र असतो, पाणी थोडं पितो आणि हळूहळू सोडतो, मधल्या फटींतून हवा खेळते. पुण्या-बेंगळुरूहून येणारं पर्लाइट, म्हणजे ते हलके पांढरे दाणे, वापरून पाहिलं, पण पहिल्या जोराच्या सरीत ते तरंगून वर येतं. वर मूठभर कोळशाचे तुकडे. समुद्रावरची वाळू मात्र कधीच नको, तिच्यात मीठ असतं. आणि कुंडी डिचोलीच्या कुंभाराकडची, भाजलेल्या मातीची, न रंगवलेली. तिच्या अंगातून ओल बाहेर पडते. तळाला भोक नसलेल्या चिनी मातीच्या सुंदर वाडग्यात झाड भेट आलं तर त्याच दिवशी बाहेर काढा.

ह्या मातीत लावल्यावर पाण्याचं उत्तर झाडच देतं. सर्वांत खालचं पान दोन बोटांत हलकेच दाबायचं. कच्च्या कैरीसारखं टणक असेल तर थांबा. मळलेल्या कणकेसारखं दबत असेल, अंगावर बारीक सुरकुती असेल, तर कुंडीच्या भोकातून वाहीपर्यंत पाणी घाला, फेराच्या मधोमध न ओतता कडेने, आणि पुन्हा पान दबेपर्यंत विसरून जा. डिसेंबरात माझ्याकडे हे दहा-बारा दिवसांनी होतं. जुलैत एचेवेरियाला महिनाभर काही लागत नाही, हवोर्थियाला तीन आठवड्यांनी अर्धी वाटी.

पावसाळ्यातलं खरं काम वाऱ्याचं आहे. कुंडी-कुंडीत चार बोटं अंतर, खाली लाकडी फळ्यांची मांडणी, आणि ओळीच्या एका टोकाला जुना टेबल फॅन. दिवे मालवल्यावर मी तो मंद लावून झोपते, कारण झाडांची उघडण्याची वेळ तीच. सासूबाईंना आधी ह्या विजेची काळजी वाटायची. आता पाऊस लागला की त्याच आठवण करतात, "पंखो लायलो गो?"

श्रावणात पिठ्या ढेकूण येतो, पानांच्या बेचक्यात कापसाच्या कणासारखा. मुंग्या फेऱ्या घालू लागल्या की बघा, तो आलेला असतोच. कापसाच्या बोळ्याने सर्जिकल स्पिरिट लावून एकेक टिपायचा. कडुलिंबाचं तेल फवारू नका, ते पानावरचं मेण घालवतं.

आणि ढगाळ दिवसांत झाड ताणतं. उजेड शोधत दांडा वर जातो, पानं विरळ होतात, खाली लवतात, कमळाचा मनोरा होतो. तुम्ही विचारता तेव्हा ह्याला "वाढलं" म्हणता, पण ती उपासमार आहे. ताणलेला दांडा पुन्हा आखूड होत नाही. पावसाळा सरल्यावर, आकाश मोकळं झालं की मी धारदार ब्लेड स्पिरिटने पुसते आणि फेराखाली दोन बोटं सोडून दांडा कापते. पहिल्यांदा माझा हात थरथरला होता. कापलेला भाग आतून पांढराशुभ्र, काकडीसारखा ओला दिसला पाहिजे. तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापायचं, शुभ्र लागेपर्यंत. मग तो फेर रिकाम्या पेल्यावर बसवून सावलीत पाच-सहा दिवस ठेवायचा, जखमेवर खपली धरेपर्यंत, आणि नंतर कोरड्या खडीवर नुसता टेकवायचा. मुळं आल्यावरच पहिलं पाणी. उरलेला बोडका दांडा फेकू नका, महिन्याभरात त्याच्या अंगावर तीन-चार पिल्लं फुटतात. सोप्यावरच्या चाळीसांतली निम्मी तरी अशी आलेली आहेत.

आज मे महिन्याची 28 तारीख. डोंगराकडे दुपारी गडगडलं. फळ्या धुऊन वाळत टाकल्यात, पंख्याची जाळी पुसलीय. डाव्या टोकाच्या एचेवेरियाचं एक खालचं पान मला जरा पारदर्शक वाटतंय. सकाळी उजेडात बघून, लागलंच तर कापणार आहे. त्यातलं जगेल त्याची पिल्लं चतुर्थीला याल तेव्हा घेऊन जा. कागदात गुंडाळून देईन, मातीशिवाय, आणि चिऱ्याच्या खडीची एक पिशवीही.