गोल खड्याने केला: परभणी ते नांदेड, एक दिवसाची हॉकी

जानेवारीत अमृतसरहून नांदेडला जाणारी सचखंड एक्स्प्रेस वेळेवर येईल असं परभणीत कुणी धरून चालत नाही. वर पंजाब-हरियाणात धुकं पडलं की त्याची झळ इथं प्लॅटफॉर्मवर बसलेल्या माणसाला लागते. मी निवांत होतो. घरून सुशीला, म्हणजे आमच्याकडचा चुरमुऱ्यांचा नाश्ता, खाऊन निघालो होतो आणि नांदेडला पोहोचायची घाईही नव्हती. निजामाच्या काळापासून आमच्या गावाला 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणतात. गाडी आली तर नांदेड, नाही आली तर परत घरी. आपलं काय जातंय?

साडेचार तासांनी गाडी आली. जागा मिळाली ती नेमकी हॉकीच्या पोरांमध्ये. वरच्या बर्थवर लांबट पिशव्या, खाली गोलकीपरचे पॅड गादीसारखे पसरलेले आणि त्यावर एक जण ढाराढूर झोपलेला. या गाडीत वाटेतल्या स्टेशनांवर लंगर मिळतो, त्यामुळं मुरलेले प्रवासी ताटल्या-डबे घेऊनच चढतात. पोरांनी संभाजीनगरला घेतलेल्या पोळ्या आणि डाळ अजून डब्यात शिल्लक होती. एकानं न विचारताच माझ्या हातात पोळी ठेवली. "लो अंकलजी." घेतली. बाहेर तूर काढणीला आलेली, ज्वारीची कणसं भरत आलेली. हातात अमृतसरच्या गाडीतली पोळी.

ही पोरं नांदेडच्या गुरू गोबिंदसिंघजी गोल्ड अँड सिल्वर कपला चालली होती. गुरू गोबिंदसिंघांच्या जयंतीच्या आगेमागे ही अखिल भारतीय स्पर्धा कित्येक दशकांपासून भरते. मराठवाड्याबाहेर सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. नांदेड आणि हॉकी?

खरं तर माझंही हॉकीशी नातं फार आदराचं नाही. आमच्या शाळेत क्रीडासाहित्याच्या कपाटात तीन हॉकी स्टिका होत्या. त्यांचा चेंडूशी कधी संबंध आल्याचं मला आठवत नाही, पोटऱ्यांशी मात्र आला. पुढं पेपरमध्येही स्टिक भेटायची ती बहुतेक 'हॉकी स्टिकने मारहाण, चौघांवर गुन्हा' अशा मथळ्यातच. त्यामुळं त्या दिवशी एका पोरानं आपली स्टिक हातात दिली तेव्हा मी ती पहिल्यांदा नीट पाहिली असं म्हणायला हरकत नाही.

डावीकडची बाजू सपाट, उजवीकडची गोलसर. चेंडू मारायचा तो फक्त सपाट बाजूनं. म्हणजे डावीकडून उजवीकडं खेचायचा असेल तर मनगट फिरवून स्टिक उलटी करावी लागते. नियमानं वजन ७३७ ग्रॅमच्या वर जाता कामा नये. ही कार्बनची होती, हलकी आणि कडक. पण त्याच्या पिशवीत एक जुनी लाकडीही होती, वडिलांची. तिच्या खालच्या वळणावर लाकडाच्या रेषा वाकताना स्पष्ट दिसत होत्या. "शहतूत," तो म्हणाला.

शहतूत म्हणजे तुती! इंग्रज अ‍ॅश नावाच्या झाडाच्या स्टिका वापरायचे, भारतात जालंधर-मेरठकडं तुती वापरली गेली, कारण ती वाफेवर वाकवली तरी चिरत नाही. आमच्याकडं तुती म्हणजे रेशीमकिड्यांचा चारा. बीड-जालन्यापासून परभणीपर्यंत शेतकरी ती कंबरेएवढी वाढू देतात आणि छाटतात, तिचं झाड होऊच देत नाहीत. मराठवाड्यात इतकी तुती असून एकही स्टिक का निघत नाही, याचं उत्तर बहुधा एवढंच.

पूर्णा जंक्शनला गाडी पुन्हा रेंगाळली. नांदेडला उतरलो तोवर ऊन कलायला लागलं होतं. आधी सचखंड साहिब गुरुद्वाऱ्यात माथा टेकवला. गुरू गोबिंदसिंघ १७०८ साली इथंच, गोदावरीकाठी निवर्तले. आजची वास्तू महाराजा रणजितसिंहांच्या काळात, १८३०च्या दशकात उभी राहिली. तिथून मैदान लांब नाही, चालत गेलो.

मैदान मातीचं. कडेला एक टँकर उभा, माणूस पाइपनं पाणी मारत होता. त्याच्या मागून दुसरा फक्कीनं रेषा नव्यानं ओढत होता, कारण सकाळच्या सामन्यात अर्धी 'डी' पुसून गेली होती. ही 'डी' म्हणजे गोलपासून १४.६३ मीटरवरची वळणदार रेषा. बाहेरून कितीही जोरात हाणा, गोल धरत नाहीत. आत शिरूनच मारावा लागतो. हॉकीतली निम्मी भांडणं त्या फक्कीच्या रेषेवर होतात, आणि इथं ती फक्की पायाला लागून फिरत होती.

माझ्याशेजारी एक वयस्कर सरदारजी बसले होते. इथलेच, दख्खनी शीख. मराठी माझ्यापेक्षा नांदेडी. "पहिल्यांदाच आलाव का?" मी मान हलवली. मग त्यांनी शिकवणीच सुरू केली.

काकांच्या मते हॉकी पंजाबची. "खिद्दो-खुंडी ऐकलंय का? खिद्दो म्हणजे चिंध्यांचा चेंडू, खुंडी म्हणजे वाकडी काठी. आमचे पूर्वज हैदराबादच्या चाकरीत आले तेव्हा हा खेळ संगं आणला असंल." मी जरा आगाऊपणा केला. म्हटलं, काका, इजिप्तमध्ये बेनी हसनला थडग्याच्या भिंतीवर दोन माणसं वाकड्या काठ्या एकमेकांना भिडवून उभी आहेत, मध्ये गोल काहीतरी आहे, आणि ते चित्र चार हजार वर्षांचं आहे. अथेन्समध्येही इ. स. पूर्व ५१० च्या सुमाराचं एक शिल्प १९२२ साली सापडलं, त्यात पोरं तशाच काठ्या घेऊन चेंडूवर वाकलेली. काका शांतपणे म्हणाले, "मग तिथंबी गुराखी असतीलच की."

याला उत्तर नाही. गुरं राखायची तिथं वाकडी काठी आलीच, आणि वाकडी काठी, रिकामा वेळ आणि लाथाडायला काहीतरी गोल एवढं जमलं की खेळ सुरू. आमच्या आजोळी आम्ही बाभळीच्या काठीनं वाळलेली शेणाची गोवरी फोडेस्तोवर ढकलायचो, त्याला नावही नव्हतं. 'हॉकी'च्या जवळचं नाव कागदावर येतं ते १५२७ मध्ये, आयर्लंडच्या गॉलवे शहराच्या नियमात, आणि तेही खेळू नये म्हणून. लहान चेंडू काठ्यांनी हाणणं बंद, असा हुकूम. खेळ बोकाळल्याशिवाय कुणी बंदी घालत नाही.

मला मात्र या सगळ्या इतिहासात सगळ्यात आवडते ती इंग्रजांची भानगड. एकोणिसाव्या शतकात लंडनजवळच्या ब्लॅकहीथचा क्लब ओबडधोबड माळावर हॉकी खेळायचा आणि त्यांचा चेंडू होता रबराचा चौकोनी ठोकळा! खडबडीत जमिनीवर गोल चेंडू कुठंही पळतो म्हणून. तिकडं टेडिंग्टनचे क्रिकेटवाले हिवाळ्यात काय करायचं म्हणून आपल्या गुळगुळीत हिरवळीवर क्रिकेटचाच चेंडू घेऊन हॉकी खेळू लागले. चेंडू सरळ घरंगळतो, मग पास देता येतो, काठीवर खेळवता येतो. आपण ज्याला हॉकी म्हणतो ती तिथली. १८८६ मध्ये हॉकी असोसिएशन उभी राहिली ती याच चालीची. ब्लॅकहीथचा ठोकळा संपला. म्हणजे नियम कोण बनवणार ते ठरलं कुणाची जमीन सपाट आहे त्यावरून.

मग फौजांबरोबर ती सपाट जमिनीची हॉकी आपल्या छावण्यांत आली, जिथं हिरवळ नव्हती, मुरूम होता. कलकत्त्यात १८९५ साली बेटन कप, मुंबईत १८९६ साली आगाखान कप, या स्पर्धा सुरू झाल्या. आणि मुरुमावर उड्या मारणारा चेंडू काठीला चिकटवून ठेवायला शिकलेल्या लोकांनी १९२८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला एकही गोल न खाता सुवर्ण आणलं. चौदा गोल एकट्या ध्यानचंदांचे. १९३२ मध्ये अमेरिकेला २४-१. १९३६ मध्ये बर्लिनच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१. हे सगळं तुम्हाला पाठ असतं, पुढं जाऊ.

थांबायचं ते १९४८ ला. १२ ऑगस्टला लंडनमध्ये भारतानं ब्रिटनला ४-० हरवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. त्या दिवशी नांदेड भारतात नव्हतं. परभणीही नाही. दोन्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. आमचे आजोबा सरहद्दीवरच्या कॅम्पात होते आणि गावात रझाकारांची दहशत. पाच आठवड्यांनी, १७ सप्टेंबरला, हैदराबाद संस्थान पडलं. त्या लष्करी कारवाईचं नाव 'ऑपरेशन पोलो', तोही घोड्यावर बसून खेळलेला काठी-चेंडूच. मी हे काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "आमचे वडील सांगायचे, मॅच जिंकल्याची बातमी दोनदा आली. एकदा कुजबुजत आणि एकदा मोठ्यानं."

तेवढ्यात शिट्टी झाली. माझे गाडीतले दोस्त नव्हते, त्यांची लढत दुसऱ्या दिवशी. एका बाजूला रेल्वेवाले, दुसऱ्या बाजूला पोलीस. मातीवर सामना बघायचा म्हणजे कानानं बघायचा. चेंडू प्लास्टिकचा, १५६ ते १६३ ग्रॅमचा, स्टिकवर 'टक्' वाजतो आणि मग मातीत 'खस्स' करत जातो. टीव्हीवर निळ्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम हिरवळीवर, तो आवाजच नसतो. रेल्वेचा डावा आघाडीवाला दोघांना चकवून असा आत घुसला की त्याचं मनगट फिरताना दिसलंच नाही, फक्त धूळ दिसली. काका मांडीवर थाप मारून उठले.

हे टर्फवर कमी होतं. १९७६ मध्ये माँट्रियलला ऑलिम्पिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झाली आणि आपण सातवे आलो. आदल्याच वर्षी क्वालालंपूरला विश्वचषक जिंकलेला संघ! टर्फवर चेंडू सुसाट पळतो, तिथं मनगटापेक्षा छाती आणि पाय लागतात. १९८० चं मॉस्कोचं सुवर्ण मिळालं, पण त्यानंतरचं पदक थेट टोकियोचं कांस्य, ४१ वर्षांनी. खेळाडू कमी पडले असं सहज म्हणतात. मला वाटतं, पुन्हा तेच झालं: ज्याची जमीन, त्याचा नियम.

शिवाय त्या टर्फला पाणी लागतं. सामन्याआधी हजारो लिटर मारायचं, नाहीतर चेंडू अडतो आणि पडल्यावर कातडी सोलते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा आम्ही घरी आंघोळीचं पाणी झाडांना घालत होतो. त्या मराठवाड्यात टर्फ भिजवायचं कुणी आणि कुठल्या तोंडानं? आता आंतरराष्ट्रीय महासंघच बिनपाण्याच्या टर्फच्या मागं लागलाय, बरं झालं.

सामना १-१ वर होता. शेवटच्या क्वार्टरमध्ये पोलिसांच्या एकानं 'डी'च्या तोंडावरून साधाच ढकलल्यासारखा फटका मारला. गोलकीपर पॅड आडवा टाकून बसलेला. चेंडू त्याच्या हातभर आधी टणकन उडाला आणि खांद्यावरून आत. 

गोलकीपर भांडला नाही. हेल्मेट वर केलं, गुडघ्यावर बसून माती चाचपली आणि बोराएवढा एक खडा शोधून काढला. तो घेऊन अंपायरकडं गेला. अंपायरनं खडा हातात घेऊन उलटापालटा करून बघितला, हसला, खिशात टाकला आणि मधल्या रेषेकडं हात दाखवला.

२-१. काका म्हणाले, "चला, चहा घेऊ. उद्याच्या मॅचला टँकर सकाळी सातलाच येतोय."