इंग्लंडला जाताय आणि दिवस गेलेत? आधी मिडवाइफ गाठा

दांडिया बाजारात आमच्या शेजारच्या काकूंची सून नवऱ्याकडे इंग्लंडला निघाली आहे. चौथा महिना चालू आहे. मी बाळाला घेऊन बडोद्याला माहेरी आले आहे, त्यामुळे काकू रोज विचारतात, तिथे डॉक्टरचं कसं होईल गं? त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते, कारण तिथल्या दवाखान्यातल्या एका काउंटरवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

मीही अशीच दिवस गेलेले असताना इंग्लंडला गेले होते. व्हिसा, विमान, सामान, सगळं नीट झालं. व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य सरचार्ज भरलेला होता, मोठ्या माणसाला वर्षाचे १,०३५ पौंड. तो भरला की बाळंतपणाचे वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

घराजवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला गेले. रिसेप्शनवरची बाई म्हणाली, तुमच्या नावावर पत्त्याचा पुरावा आणा. भाडेकरार नवऱ्याच्या नावावर, वीजबिल त्याच्याच नावावर. बँकेचं पत्र चालेल म्हणाली, तर बँक खातं उघडायला पत्त्याचा पुरावा मागते! मी दिवस गेल्याचं सांगितलं, बडोद्याची फाइल पुढे केली. तिने ती उघडलीही नाही. पहिला स्कॅन आणि त्याबरोबरची डाउन सिंड्रोमची तपासणी ११ ते १४ आठवड्यांतच करतात, आणि माझे आठवडे सरत होते. आईचा रोज व्हिडिओ कॉल, "अजून कुणाला दाखवलं नाहीस?" इथे रावपुऱ्यात संध्याकाळी गेलं की रात्री जेवायच्या आत तपासून घरी. तिथे डॉक्टरचं तोंडही दिसेना. रात्री झोप लागायची नाही.

मग एनएचएसच्याच, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्याच, वेबसाइटवर वाचलं की जीपीकडे नोंदणीला पत्त्याचा पुरावा किंवा ओळखपत्र लागतच नाही. आणि नोंदणी नाकारली तर त्यांनी १४ दिवसांत कारण लेखी द्यायचं असतं. त्या पानाची प्रिंट काढली, काउंटरवर ठेवली आणि शांतपणे म्हटलं, नाही म्हणत असाल तर लिहून द्या. ती आत गेली, मॅनेजर बाहेर आल्या आणि फॉर्म तिथेच घेतला. आवाज न चढवता हे करून घेतलं याचा मला आजही अभिमान वाटतो. तुम्हीही भांडू नका, फक्त लेखी मागा.

पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मिडवाइफसाठी, म्हणजे तिथे गरोदरपण आणि बाळंतपण बघणाऱ्या प्रशिक्षित सुईणीसाठी, जीपीची वाट बघायची गरजच नाही. जवळच्या हॉस्पिटलच्या प्रसूती विभागाच्या पानावर स्वतः भरायचा फॉर्म असतो. पहिली भेट शक्यतो १० आठवड्यांच्या आत व्हावी असं तेच सांगतात, तेव्हा पोहोचलात की लगेच भरा. माझा भरल्यावर मिडवाइफचा फोन आला. भेटीत तिने बडोद्याच्या फाइलचं पान न् पान वाचलं, सोनोग्राफीची तारीख, रक्तगट, थायरॉइड सगळं आपल्या कॉम्प्युटरवर उतरवलं. मला तिथेच रडू आलं. म्हणून फाइल हँडबॅगेतच ठेवा, बॅग बेल्टवर हरवली तर काय करणार?

नवऱ्याला बाहेर पाठवून मिडवाइफ घरात काही त्रास आहे का विचारते. सगळ्यांनाच विचारतात, घाबरू नका.

सगळं सुरळीत असेल तर स्कॅन दोनच, दुसरा १८ ते २१ आठवड्यांत. आपल्याला ते कमी वाटतं, पण काळजी घेत नाहीत असं नाही. आपल्याकडच्या बायकांना मधुमेहाचा धोका जास्त म्हणून २४ ते २८ आठवड्यांत साखरेचं पाणी देऊन तपासणी करतात. डांग्या खोकल्याची लस १६ आठवड्यांनंतर. बाळाची हालचाल कमी वाटली तर मध्यरात्रीही प्रसूती विभागाला फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही.

हो, आणि औषधं व दातांचे उपचार बाळंतपणानंतर वर्षभरापर्यंत फुकट आहेत. त्याचं सर्टिफिकेट मिडवाइफकडे आपणहून मागा.

काकूंची सून पोहोचेल तेव्हा १४ आठवडे उलटलेले असतील. तिच्यासाठी २० आठवड्यांपर्यंत डाउन सिंड्रोमची वेगळी रक्ततपासणी असते. काल आम्ही तिच्या गावच्या हॉस्पिटलचा फॉर्म मोबाइलवर उघडून बघितला. तिथला पत्ता नवऱ्याकडून मागवून घेतलाय, उतरल्या दिवशीच ती तो भरणार आहे.