नाल्याच्या बाजूचा फील्डर

आमच्या गल्लीतल्या क्रिकेटमध्ये माझी जागा ठरलेली होती. नाल्यापाशी. "तू तिकडे जा रे, नाल्यात बॉल गेला की काढून दे," असं कॅप्टन म्हणायचा. त्यात काही अपमान आहे असं त्याला वाटत नसे आणि मलाही नसे. बॅट त्याची होती, आणि ज्याची बॅट त्याचं राज्य. शिवाय नाल्यापाशी उभं राहण्याचे फायदेही होते. पिठाच्या गिरणीची सावली मिळायची, गिरणीवाले काका अधूनमधून स्कोअर विचारायचे, आणि नळाला पाणी आलं की आईची पहिली हाक मलाच ऐकू यायची. माझी बॅटिंग शेवटी असायची, आणि ती येईपर्यंत अंधार पडायचा.

आपल्याकडे अशा पोराला लिंबूटिंबू म्हणतात. अमेरिकेत त्याला राइट फील्डमध्ये उभं करतात, हे कळायला मला २०१० साल उजाडावं लागलं.

माझी धाकटी बहीण सिएटलजवळ बेलव्ह्यूला राहते. त्या जूनमध्ये मी तिच्याकडे गेलो, तेव्हा नऊ वर्षांचा भाचा फुरंगटून बसला होता. बेसबॉलच्या संघात त्याला घेतलं होतं, पण राइट फील्डमध्ये.

"मामा, तिकडे बॉल येतच नाही."

"मग तू करतोस काय?"

"डँडेलायन मोजतो. परवा एकतीस होते."

मला भरून आलं. घराण्याची परंपरा सातासमुद्रापार पोचली होती.

तिकडे बॉल न येण्याचं कारण अगदी साधं आहे. बहुतेक पोरं उजव्या हाताने खेळतात. त्यांनी जोर लावून मारलेला चेंडू आपल्या मिडविकेटच्या दिशेला, म्हणजे बेसबॉलच्या डावीकडे जातो. उजवीकडचा कोपरा ओस पडतो. त्या ओसाड कोपऱ्यात कुणाला ठेवायचं हे जगभरातल्या कॅप्टनांना न शिकवता कळतं.

गंमत म्हणजे हीच पोरं मोठी झाली, खेळ पैशांचा झाला, की हिशेब उलटतो. मैदानाच्या चौकोनात बेस म्हणजे धावताना गाठायचे थांबे; पहिला बेस उजवीकडे आणि तिसरा डावीकडे. उजव्या कोपऱ्यातून तिसऱ्या बेसवर फेक करायची तर सगळं मैदान आडवं कापावं लागतं. म्हणून मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये सगळ्यात ताकदीचा हात शोधून राइट फील्डला नेमतात. हे मेहुण्यांनी मला सांगितलं आणि मी ते लगेच भाच्याला स्वतःचं म्हणून सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. मग मेहुण्यांनी सिएटल मरिनर्सच्या सामन्याची तिकिटं काढली. मुद्दाम उजव्या कोपऱ्याजवळची. तिथे इचिरो नावाचा जपानी खेळाडू उभा राहत असे.

सिएटलला जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. स्टेडियमच्या शेजारून मालगाड्या जातात आणि भर खेळात शिट्ट्या मारतात. तळलेल्या बटाट्यांवर इतका लसूण टाकून विकतात की आपण कुठल्या तरी जत्रेत आलोय असं वाटावं. संघाचं मात्र अवघड होतं. त्या हंगामात मरिनर्स १६२ पैकी १०१ सामने हरले. लोक मैदानाकडे कमी आणि बटाट्यांकडे जास्त बघत होते.

मी मात्र त्या ५१ नंबरच्या माणसाकडेच बघत राहिलो. दोन चेंडूंच्या मधे तो स्वस्थ उभा राहतच नव्हता. पाय फाकवून खाली बसायचा, एक खांदा आत वळवायचा, मग दुसरा. उठायचा, हात ताणायचा, टाच आपटायची, परत खाली. पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, हात वर गेला की क्षणात पंजांवर उभा. चेंडू भलतीकडे जायचा. पुन्हा खाली. वय छत्तीस, संघ हरतोय, चेंडू येत नाहीये, आणि हा दर वेळी हा चेंडू माझ्याचकडे येणार अशा तयारीत. त्या संध्याकाळी त्याच्याकडे झेल म्हणावा असा एकच आला. तोही इतका सोपा, की आमच्या नाल्यापाशी आला असता तर मीसुद्धा घेतला असता. बहुधा.

घरी आल्यावर मी या माणसाच्या मागे लागलो, तो आजतागायत.

पूर्ण नाव इचिरो सुझुकी. सुझुकी म्हणजे जपानातले जोशी-पाटील, गल्लीत हाक मारली तर दहा जण वळून बघतील. म्हणून १९९४ साली कोबेच्या ऑरिक्स ब्लूवेव्ह संघाच्या व्यवस्थापकांनी, अकिरा ओगी यांनी, त्याच्या पाठीवर आडनावाऐवजी नुसतं 'इचिरो' लावलं. हे नाव सहसा थोरल्या मुलाचं असतं, हा मात्र धाकटा. त्याच वर्षी त्याने १३० सामन्यांच्या हंगामात २१० हिट मारल्या. हिट म्हणजे चेंडू मारून सुखरूप बेस गाठणं. जपानात एका हंगामात दोनशे कुणीच ओलांडले नव्हते. पुढच्या वर्षी जानेवारीत कोबेला भूकंप झाला आणि शहर कोसळलं. ऑरिक्सचे खेळाडू बाहीवर 'गांबारो कोबे', म्हणजे 'नेटाने उभं राहू या, कोबे' अशी पट्टी लावून खेळले आणि त्या वर्षी आपली लीग जिंकले.

त्याच्या आधीची गोष्ट नागोयाजवळच्या तोयोयामा या छोट्या गावातली. वडिलांनी तिसऱ्या वर्षी त्याला चेंडू झेलायचा बेसबॉलचा हातमोजा दिला आणि सातव्या वर्षापासून रोजचा सराव सुरू केला. सहावीतल्या निबंधात त्याने लिहिलं होतं की वर्षाच्या ३६५ पैकी ३६० दिवस आपण कसून सराव करतो. हा निबंध जपानात फार कौतुकाने सांगितला जातो. मला तो वाचून उरलेल्या पाच दिवसांची काळजी वाटली. बापाच्या हट्टातून मोठा झालेला मुलगा दिसला की आपण बापाला हार घालतो. पण त्या रोजच्या सरावात लाड कमी आणि सक्ती जास्त होती, हे इचिरोने पुढे स्वतःच म्हटलेलं आहे.

२००१ मध्ये तो सिएटलला आला. जपानी पिचर अमेरिकेत आधीही खेळले होते, पण बॅट घेऊन आलेला हा पहिला. सडसडीत, पाच फूट अकरा इंचांचा, आडदांड गड्यांच्या घोळक्यात कॉलेजच्या पोरासारखा दिसणारा. टिकेल का, अशी लोकांना शंका होती. एप्रिलमध्ये ओकलंडला समोरच्या संघाचा टेरेन्स लाँग पहिल्या बेसवरून तिसऱ्याकडे धावला. उजव्या कोपऱ्यात चेंडू पडलाय, म्हणजे आरामात पोचू, असा त्याचा हिशेब. इचिरोने चेंडू उचलून जी फेक केली ती सरळ रेषेत, बिनटप्प्याची, तिसऱ्या बेसवरच्या गड्याच्या मोज्यात. लाँग पोचायच्या आधी चेंडू हजर. ती फेक मी किती वेळा पाहिली असेल, सांगायला लाज वाटते.

त्या वर्षी तो लीगचा सर्वोत्तम नवखाही ठरला आणि सर्वोत्तम खेळाडूही. २००४ च्या एका हंगामात २६२ हिट मारून त्याने जॉर्ज सिस्लरचा १९२० पासूनचा, २५७ चा विक्रम मोडला. बाकीचे आकडे भराभर सांगतो: सलग दहा हंगाम दोनशेच्या वर, अमेरिकेत एकूण ३०८९ हिट, जपानातल्या धरून ४३६७. आकड्यांपेक्षा मला हे आवडतं, की २००९ मध्ये सेंट लुईसला गेल्यावर तो फुलं घेऊन सिस्लरच्या कबरीवर जाऊन आला. ज्याचा विक्रम मोडला त्याला भेटून येणं, ही आपल्या आजीच्या पठडीतली रीत.

आणि त्याचा मोजा. सामना संपला की बाकीचे मोजा फेकून अंघोळीला पळत. हा कपाटापुढे बसून स्वतःच्या हाताने तो पुसत, तेल चोळत बसे. बॅटी दमट हवेने जड होऊ नयेत म्हणून खास पेटीत, गवयाने तंबोरा जपावा तशा. दसऱ्याला हत्यारं पुसून झेंडूचं फूल वाहणारे आपण. या गृहस्थाचा दसरा वर्षाला १६२ वेळा.

खाण्याचंही तसंच. कित्येक वर्षं घरच्या मैदानावर सामना असला की न्याहारीला बायकोच्या हातची करी. जपानी करी म्हणजे दाट, गोडसर रस्सा आणि भात. ती तिकडे इंग्रजांच्या मार्फत पोचली, त्यामुळे आपण तिच्यावर हक्क सांगू शकतो, पण फार जोरात नको. या बातमीनंतर जपानात सकाळी करी खाण्याची टूमच निघाली.

२१ मार्च २०१९ ला टोकियो डोममध्ये तो शेवटचा सामना खेळला. मध्यरात्र उलटून गेल्यावरही पत्रकारांशी बोलत होता. बायकोबद्दल निघालं तेव्हा म्हणाला, घरच्या सामन्यांना ती मला ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके, करून द्यायची. ते सुमारे २८०० झाले. तिचे तीन हजार पूर्ण करून द्यायला हवे होते. मी हे बायकोला कौतुकाने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुमचे डबे मोजले असते तर?" मी पुढचं वाचलं नाही.

निवृत्तीच्या आदल्या वर्षीचा एक किस्सा मला फार प्रिय आहे. मे २०१८ मध्ये त्याला खेळाडूंतून काढून संघाच्या कार्यालयात सल्लागार केलं. नियमाने आता सामना चालू असताना खेळाडूंच्या बाकावर बसायला मनाई. जूनमध्ये न्यूयॉर्कला हा पठ्ठ्या टोपीवाला स्वेटर, काळा चष्मा आणि खोट्या मिश्या लावून तिथे जाऊन बसला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस! आमच्या गल्लीत खेळायला घेतलं नाही तर पोरं रडायची, पण मिश्या कुणाला सुचल्या नाहीत.

२०२५ मध्ये त्याची हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, निवड झाली. मतं पत्रकारांची, ३९४ पैकी ३९३. एकाने दिलं नाही. या पत्रकाराला घरी जेवायला बोलवायचं इचिरोने जाहीर केलं होतं. सोहळ्याच्या भाषणात त्याने सांगितलं, ते आमंत्रण आता रद्द. तो एक मतदार कोण हे मला माहीत करून घ्यायचं नाही. लहानपणी त्यालाही कुणीतरी राइट फील्डमध्ये उभं केलं असेल आणि पुढे कुणी काही सांगितलं नसेल.

तर, २०१० चा तो जून. आम्ही सामना बघून आलो त्यानंतरच्या शनिवारी भाच्याचा सामना होता. मी, बहीण आणि मेहुणे तिसऱ्या बेसच्या बाजूला घडीच्या खुर्च्या टाकून बसलो. लांब उजव्या कोपऱ्यात आमचा गडी प्रत्येक चेंडूआधी पाय फाकवून खाली बसत होता, खांदे वळवत होता, उठत होता. प्रशिक्षकाने मेहुण्यांना येऊन विचारलं, मुलाला बाथरूमला जायचंय का?

शेवटच्या डावात चेंडू खरोखरच तिकडे गेला. त्याच्या हातून सुटला. मग तो वळला, धावला, चेंडू उचलला, आणि जवळ उभ्या मित्राकडे टाकायचं सोडून सगळं अंग झोकून सरळ तिसऱ्या बेसकडे फेकला. चेंडू चार टप्पे घेत, थर्ड बेसवरच्या पोराच्या दोन्ही पायांमधून निघाला आणि आमच्या खुर्च्यांखालच्या डब्यावर येऊन थडकला. धावणारा मुलगा तोवर होमला, म्हणजे शेवटच्या थांब्यावर, पोचला होता. भाच्याने लांबून दोन्ही हात वर केले. बहीण गवतात डब्याचं झाकण शोधत होती, आणि मी उभा राहून ओरडत होतो.