कर्ता अध्याहृत

स्मरणिकेसाठी शाळेच्या गोड आठवणी लिहून पाठवा, असा निरोप आला. गोड आठवणी बाकीच्यांनी लिहिल्याच असतील. स्नेहसंमेलन, पतंग, फाटकाबाहेरची बोरांची गाडी. मी एकाच तासाबद्दल लिहितो. १९७८ साल, सातवी, मराठी व्याकरण.

बाईंची एक खोड होती. उदाहरणं पुस्तकातली चालायची नाहीत, घरून आणायची. त्या दिवशी आज्ञार्थ होता. "दार लाव", "पाणी आण", "देव तुझं भलं करो" अशी वाक्यं आली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "तुझे राज्य येवो."

"हे कुठलं रे?"

वर्गात ख्रिस्ती मी एकटाच. फाटकी बनियन शर्टाखाली लपवावी तशी मी ती गोष्ट तोवर लपवून ठेवली होती. हळूच म्हणालो, "आमच्या प्रार्थनेतलं." बाई म्हणाल्या, "मग सगळी म्हण." उभा राहून म्हणू लागलो. "आम्हांला परीक्षेत आणू नको" इथवर आलो आणि वर्ग फुटला. सहामाही आठ दिवसांवर होती! मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आम्हालाही ख्रिस्ती व्हायचंय." बाई तोंडाला पदर लावून हसल्या. मग खडू मोडून दोन तुकडे केले (अख्खा खडू फळ्यावर किंचाळतो म्हणायच्या) आणि लिहिलं: तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.

"काय होवो? कर्ता सांग."

"देव."

"चूक."

"मग... मी?"

"तू तर मुळीच नाहीस. कर्ता अध्याहृत आहे. काय व्हावं ते बोलणाऱ्यानं सांगितलेलंच नाही. आणि हे आज्ञार्थी आहे, भूतकाळी नाही. झालं ते झालं, असा याचा अर्थ नव्हे. अजून व्हायचंय. बस."

त्या दिवसापासून मी चोरून ख्रिस्ती राहिलो नाही. शाळेचं एवढं ऋण तरी कबूल करायलाच हवं.

आमच्या घराविषयी थोडक्यात. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ मध्ये इंदुरात काम मांडलं, १८८७ मध्ये कॉलेज काढलं. आजोबा नंतर नगरहून कंपाउंडर म्हणून इकडे आले. लहानपणी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं, म्हणजे ख्रिस्ती झालेल्या मराठी कवीचं, कीर्तन ऐकल्याचं ते सांगत. ख्रिस्ती माणूस अभंग म्हणतो, याचं इंदूरच्या शेजाऱ्यांना नवल वाटायचं, आणि त्या नवलाचं आजोबांना. मी वीज मंडळात इंजिनियर झालो. बिघाड शोधायचा, लाइन चालू करायची, तीस वर्षं हाच धंदा.

मग बायकोच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस. तिच्या डाव्या हातावर फिस्टुला केला, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी दोन रक्तवाहिन्या जोडल्या. त्यावर तळवा ठेवला की ट्रान्सफॉर्मरसारखी घरघर लागते. ती घरघर बंद पडली तर धावायचं, म्हणून रात्री दोन-तीनदा उठून मी हात लावून बघायचो. पाणी दिवसाला साडेसातशे मिली, म्हणजे आमच्या स्टीलच्या पेल्याने पाच पेले. इंदूरचा मे महिना आणि पाच पेले! मी वही घातली. वजन, बीपी, पोटॅशियम, प्रत्येक घोट. डाळीतलं पाणीसुद्धा. एकदा तिने चूळ भरताना घोट गिळला असावा म्हणून मी तिच्यावर ओरडलो. साठीच्या बाईवर, पाण्याच्या घोटासाठी.

प्रार्थनाही तशीच चालली होती, वहीसारखी. क्रिएटिनिन इतकं आण, अमुक रिपोर्ट तसा येऊ दे. माझी किडनी जुळत नव्हती. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव होतं, तेव्हा मागणं एकच उरलं: फोन येऊ दे.

भेटायला येणारे म्हणायचे, "देवाची इच्छा, काय करणार." चर्चमधलेही म्हणायचे. चहा संपला की उठण्याआधी म्हणायचं वाक्य. मला ते विषासारखं लागे. तिच्या किडन्या सडाव्यात ही ज्याची इच्छा, त्याच्याशी मला बोलायचंच नव्हतं, आणि काही महिने मी बोललोही नाही.

इंदुरात २०१५ पासून ग्रीन कॉरिडॉर होतात. मेंदू मृत झालेल्या माणसाचे अवयव वेळेत पोचावेत म्हणून पोलीस रस्ता मोकळा करून देतात. एका दुपारी मी चौकात स्कूटरवर अडकलो. शिट्ट्या झाल्या, रहदारी थिजली आणि ॲम्ब्युलन्स सुसाट निघून गेली. शेजारच्या माणसाने हात जोडले. मी मात्र हिशेब करत होतो: रक्तगट कोणता असेल, आपला नंबर कितवा. घरी येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, म्हणजे आज कुणाच्या तरी घरी माणूस गेलं." मग म्हणाली, "त्या घरासाठी प्रार्थना करा ना. मोठ्याने करा, मलाही ऐकू द्या."

बसलो. तोंड उघडेना. काय मागू? फोन येऊ दे म्हणजे काय येऊ दे, हे तेव्हा पहिल्यांदा धडधडीत दिसलं. कुणाचा तरी मुलगा मोटारसायकलवरून पडू दे, हेच मी इतके दिवस देवाला सांगत होतो. आणि फोन येऊ नको म्हणावं, तर समोर ही बसलेली. एकही वाक्य धड होईना. प्रत्येकाला कर्ता हवा होता, आणि मी घालीन तो कर्ता कुणाचा तरी जीव घेणारा होता. शेवटी एवढंच निघालं: तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. नीट आठवतं, डोळ्यांपुढे क्रूस नव्हता; खडूचा अर्धा तुकडा होता.

हे हात टेकणं नव्हे. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने आधी मागूनच घेतलं होतं, दुःखाचा प्याला टळून जावो म्हणून; तुझ्या इच्छेप्रमाणे होवो हे त्यानंतर. मत्तयाच्या शुभवर्तमानात तीनदा प्रार्थना आहे, आणि सोबतचे तिघे शिष्य झोपलेले. मागण्याची लाज त्याने बाळगली नाही. मीही मागतो, अजून मागतो. तिला बरं वाटू दे म्हणतो. फक्त ते कुठल्या वाटेने, हे मी आता भरत नाही. तिथे जागा कोरी ठेवतो. आणि गंमत अशी, की कोरी जागा ठेवल्यापासून मला उद्याची धास्ती कमी वाटते आणि मी त्याची वाट जास्त बघतो. हे प्रकरण मला पुरतं समजलंय असं नाही. काही रात्री जुना इंजिनियर उठतोच.

वही तिच्याकडे दिली. पाच पेले ती तिच्या मर्जीने पिते. त्यातला दीड चहात घालवते, ही उधळपट्टी मला बघवत नाही, पण बोलत नाही. शनिवारी डायलिसिसच्या पहाटेच्या पाळीनंतर आम्ही पोहे खातो. तिचे शेवेविना, जीरावनाविना (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला). इंदूरच्या माणसाला याहून मोठा उपास नाही. फोन अजून आलेला नाही.

गेल्या वर्षी रामबागेत बाईंना भेटायला गेलो. नजर गेलेली. नाव सांगितलं, ओळख पटेना. म्हणालो, "बाई, आम्हांला परीक्षेत आणू नको." त्या खुदकन हसल्या, तसाच पदर तोंडाला. मी सगळं सांगितलं, चौकातलंही. बराच वेळ गप्प होत्या. मग चाचपडत माझा हात धरून विचारलं, "त्या सहामाहीत किती मिळाले होते रे तुला?"

"पन्नासपैकी एकोणतीस."

"आज्ञार्थाचा प्रश्न?"

"चुकला होता, बाई."

"वाटलंच मला," म्हणाल्या, आणि सुनेला हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.