बोअरची केबल एचपीवर घेऊ नका

माझं मोटार भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडली की कॉइलच सांगतात काय झालं ते. तीनपैकी एक फेज गेलेला असेल तर स्टार जोडणीत (तिन्ही फेजच्या कॉइलची एकेक टोकं एकत्र जोडलेली) दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि तिसरी कोरी. तिन्ही सारख्याच करपल्या असतील तर मी विचारतो, "अण्णा, स्टार्टरच्या पेटीपासून बोअर किती लांब? केबल कितीची?"

"पाच एचपीची मोटार आहे, अडीच एमएमची टाकलीय."

एचपी म्हणजे शाफ्टवर मिळणारी ताकद. केबलसाठी बघायचे ते मोटारीच्या प्लेटवरचे अँपिअर, म्हणजे ती किती करंट घेते ते. 415 व्होल्टला 5 एचपीची साधी थ्री फेज मोटार साडेसातच्या आसपास घेते. तेवढ्याच एचपीची सबमर्सिबल, म्हणजे बोअरच्या पाण्यात सोडायची मोटार, साधारण 9, कधी त्याहून जास्त. बोअरमध्ये मावायला ती बारीक आणि लांब केलेली असते, त्यात कार्यक्षमता कमी होते.

आता अडीच एमएमची (म्हणजे तारेचा छेद अडीच चौरस मिलिमीटर) तांब्याची केबल 9 अँपिअर आरामात सोसते. हाताला गरमही लागत नाही, म्हणून सगळे निर्धास्त राहतात. खरा प्रश्न लांबीचा आहे, आणि त्यात बोअरची खोलीही धरायची. शेतातून 200 मीटर, आत 100, झाले 300. अडीचच्या केबलचा रोध किलोमीटरला साधारण 8 ओहम. म्हणजे जवळपास 30 व्होल्ट वाटेतच जातात. सहा एमएमला हेच 12 वर येतं.

रात्रीच्या लाइटीला सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात. पेटीत 370 आले तर मोटारीला 340 च. पाणी तर तेवढंच उचलायचं, मग ती करंट जास्त ओढते, आणि वायंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. सुरू होताना तर करंट सहापट, त्यामुळे त्या क्षणी व्होल्टेज आणखी पडतं.

अशात पेटीतला ओव्हरलोड, म्हणजे करंट जास्त झाला की मोटार बंद करणारा रिले, ट्रिप होतो, तो बरोबरच होतो. पण लोक त्याचा काटा वाढवून ठेवतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण पीक पाण्याला आलेलं असताना मोटार जाते.

नवी केबल घेण्याआधी वायरमनकडून मोटार चालू असताना पेटीतलं आणि बोअरच्या तोंडाशी असलेल्या जॉइंटवरचं व्होल्टेज मोजून घ्या. तिथपर्यंतच 12 व्होल्टहून जास्त पडत असतील तर केबल बारीक आहे.