कालव्यात गुणगुणणारी तार

भोसरीत माझं बॅलन्सिंगचं छोटं वर्कशॉप आहे. पंपाचे इम्पेलर, ब्लोअरचे रोटर, पिठाच्या गिरणीची पुली, फिरणारं काहीही थरथरायला लागलं की लोक आमच्याकडे आणतात. गेल्या मार्चमध्ये हर्णैचे एक भाऊ गोणपाटात गुंडाळून होडीचा पंखा घेऊन आले, तेव्हा काम नेहमीचंच वाटलं.

"साहेब, याचा आवाज घालवा. मासा भितोय."

ते पाहुण्यांना गळाच्या मासेमारीसाठी समुद्रात नेतात. होडी सावकाश चालवायची आणि मागून गळ ओढत न्यायचा, त्याला ट्रोलिंग म्हणतात. चुलतभावाची होडी अगदी तशीच, मशीन तेच, आमिष तेच. सुरमई मात्र त्याच्याच गळाला लागायची. यांच्या फिशफाइंडरवर, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्रावर, मासे दिसत, आमिषाच्या जवळ येत आणि पुन्हा खाली जात.

पंख्यात खोट निघालीच. एक पातं कधीतरी खडकाला लागलं होतं, त्यावर वेल्डिंगचा थर चढवलेला. ते १८ ग्रॅमने जड भरलं. ग्राइंडरने उतरवून पंखा बॅलन्स केला. भाऊंना बिल द्यायचं आणि विषय संपवायचा, एवढंच उरलं होतं. पण माझं समाधान होईना. मंद चालीला मशीन १५०० फेऱ्यांवर, गियर दोनास एक, म्हणजे पंखा ७५०. सेकंदाला साडेबारा फेरे, तीन पाती, साडेसदतीस ठोके. हा ठोका तर चुलतभावाच्या पंख्यातूनही जाणारच. मग मासा यांच्याच होडीला का बिचकावा?

माशाच्या कानाबद्दल मी पूर्वी हौसेने वाचलं होतं. आमच्या धंद्यात बेअरिंगचा आवाज ऐकायचा तर स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर टेकवतात आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतात. रोहू-कटल्याच्या अंगात नेमकी हीच सोय आहे. पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने ती १८२० मध्ये दाखवली. त्यामुळे या माशांना काही हजार हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांपर्यंत, ऐकू येतं. सुरमईला ती साखळी नाही, हवेची पिशवीही नाही. अशा माशांचं ऐकणं काही शे हर्ट्झच्या आतल्या खर्जातच चालतं. शिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंना पार्श्वरेषा असते, तिला जवळच्या पाण्याची हालचाल कळते. म्हणजे किती मोठा आवाज, यापेक्षा कुठल्या सुरातला आवाज, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा होता.

मी विचारलं, "भाऊ, होडीतून पाण्यात आणखी काय जातं?"

त्यांनी गोणपाटाच्या तळातून दुसरं धूड काढलं. आमिष खोल ठेवायला लागणारं डाउनरिगर: स्टीलच्या तारेची रीळ, ब्रॅकेट आणि चार किलोचा शिशाचा गोळा. तार मायक्रोमीटरने मोजली, १.२ मिलिमीटर. माझ्या डोक्यात लख्ख झालं. वाहत्या पाण्यात तार धरली की तिच्यामागे आळीपाळीने भोवरे सुटतात आणि तार गाते. सूर काढायचा हिशेब सोपा आहे. वेगाला तारेच्या जाडीने भागायचं आणि ०.२ ने गुणायचं. स्ट्रॉहाल यांनी १८७८ मध्ये हवेत गाणाऱ्या तारांवर प्रयोग केले, त्यातून हे आलं.

तपासायचं कुठे, हा पेच. पुण्यात समुद्र नाही. पण होडी पाण्यातून चालली काय किंवा पाणी तारेवरून गेलं काय, तारेला सारखंच. मुठा उजव्या कालव्याला आवर्तन सुटलेलं होतं. दुपारी टेम्पोत सामान टाकून हडपसरच्या पुढे एका छोट्या पुलावर गेलो. वरून झेंडूची फुलं वाहत येतच होती. त्यातलं एक दहा मीटर जायला नऊ सेकंद लागले. सेकंदाला १.१ मीटर, म्हणजे भाऊंच्या मंद चालीएवढंच. हिशेबाने सूर यायला हवा १८३ हर्ट्झ.

ब्रॅकेट कठड्याला घट्ट आवळलं, गोळा सोडला आणि ब्रॅकेटवर थरथर मोजणारा एक्सलरोमीटर चिकटवला. स्क्रीनवर सुळका उभा राहिला, १७६. मी स्क्रू ड्रायव्हर भाऊंच्या कानामागे लावला. ते दचकलेच. "तंबोरा वाजतोय की!" तार थोडी थोडी सोडत गेलो, तर एका लांबीला सारा कठडाच घुमायला लागला. तारेचा स्वतःचा सूर आणि भोवऱ्यांचा सूर तिथे जुळले होते.

भाऊ बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चुलतभावाच्या ब्रॅकेटखाली ट्रॅक्टरच्या टायरचा तुकडा आहे. माझं थेट फायबरवर बोल्ट केलंय."

फायबरचा पोकळ तळ म्हणजे तबल्याची पुडी. तारेचा सूर त्यातून चौफेर पसरत असणार.

तरीही मी त्यांना भरवसा दिला नाही. जहाजाच्या आवाजाने मासा पळतो म्हणून १९९५ साली मत्स्यसर्वेक्षणाच्या जहाजांसाठी आवाजाची मर्यादा सुचवली गेली, शांत जहाजं बांधली गेली. पण २००७ मध्ये नॉर्वेच्या संशोधकांनी पाहिलं, तर हेरिंग माशांचा थवा शांत जहाजालाच जास्त बिचकला होता. मासा कशाला घाबरेल याचा हिशेब माझ्या यंत्रावर पूर्ण मांडता येत नाही. म्हणून सांगितलं, पंख्यात बदल केलाच आहे, आता एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी रबर बसवा. तार तीच राहू द्या.

एप्रिलमध्ये फोन आला. आठ फेऱ्यांत सहा सुरमया, चुलतभावाला सात. मी म्हटलं, आता रबर काढून आठ फेऱ्या करा, तरच खरं कळेल. पलीकडे शांतता. "साहेब, पाहुणे पैसे मोजून येतात हो."

मी खूप गळ घातली, तेव्हा पाहुणे नसलेले तीन दिवस ते रबराशिवाय गेले. दोन दिवस रिकामे, तिसऱ्या दिवशी एक लहान सुरमई. चौथ्या दिवशी त्यांनी रबर परत बसवलं, आणि मला विचारलंही नाही.