बुखाऱ्यातले सराफ, हौद आणि एक कात्री

"किंमत?" आईनं विचारलं. दुकानदार एकदम घाईघाईनं हात हलवत म्हणाला, "योक, योक! किम्मत एमास, अर्झोन!"

उझबेकिस्तानातल्या बुखाऱ्यातली आमची पहिली सकाळ, पहिलं दुकान आणि आईचा पहिलाच शब्द. ती मराठीत विचारत होती, कारण दुसरं काय बोलावं ते तिला सुचलं नव्हतं. हॉटेलवर परतल्यावर मालकीणबाईंनी उलगडा केला. उझबेक भाषेत 'किम्मत' म्हणजे महाग आणि 'अर्झोन' म्हणजे स्वस्त. तो बिचारा सांगत होता, महाग नाही हो, स्वस्तच आहे! शब्द तोच, रस्त्यात कुठेतरी अर्थ तेवढा बदलला. त्यानंतरचे चार दिवस आम्ही दोघी असे शब्द वेचत फिरलो.

ताश्कंदहून वेगवान गाडीनं चार तासांत इथे येता येतं. पण स्टेशन गावात नाही, बारा-तेरा किलोमीटरवर कागान नावाच्या ठिकाणी आहे. १८८८ साली रशियनांची रेल्वे आली, तेव्हा तिला बुखाऱ्याच्या अमिराच्या शहराबाहेरच थांबावं लागलं आणि ती आजही तिथेच थांबते. टॅक्सीतून येताना आधी नव्या वस्तीतले रुंद सरळ रस्ते लागतात, मग अचानक मातीच्या रंगाच्या भिंती, अरुंद बोळ आणि लाकडी कोरीव दरवाजे. आई म्हणाली, "अगं, हे तर आपल्या जुन्या पेठेसारखं आहे." मी हसले होते. दुसऱ्या दिवशी बाजारात शिरल्यावर मात्र मला तिचं म्हणणं पटलं.

बुखाऱ्याचा बाजार एका जागी नाही. जुने रस्ते जिथे एकमेकांना छेदतात त्या चौकांवरच विटांचे मोठे घुमट बांधले आहेत. त्यांना 'टोकी' म्हणतात. सोळाव्या शतकात शैबानी घराण्याच्या काळात हे बांधले गेले आणि त्यांतले तीन आज उभे आहेत. त्यांची नावं एकदा मोठ्यानं म्हणून बघा. टोकी सर्राफोन, टोकी तेलपाक फुरुशोन, टोकी झरगरोन. पहिला सराफांचा. दुसरा टोप्या विकणाऱ्यांचा. यातलं 'फुरुश' म्हणजे आपल्या 'खरेदी-फरोख्त'मधलं फरोख्त. तिसरा झरगरांचा, म्हणजे सोनारांचा. 'झर' म्हणजे सोनं, तोच आपला जर. पैठणीच्या पदरातला जर हातात धरणाऱ्या माणसाला या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. जवळच एक जुनी मशीद आहे, मागोकी अत्तोरी. इथे पूर्वी अत्तारांचा बाजार भरायचा. आमच्या सोलापूरच्या घराशेजारी अत्तार आडनावाचं कुटुंब राहायचं, त्यांची आठवण काढत आई त्या मशिदीच्या कोरीव दारापुढे बराच वेळ उभी होती. दार रस्त्याच्या बरंच खाली आहे. मशीद खचलेली नाही. शतकानुशतकं आजूबाजूला शहराचे थर चढत गेले आणि ती होती तिथेच राहिली.

बुखाऱ्यात घरात, बाजारात बोलली जाते ती मुख्यतः ताजिक, म्हणजे फारसीची बहीण. आपल्याकडे फारसी शेकडो वर्षं दरबारात आणि दप्तरात होती, त्यामुळे दरवाजा, बाग, बाजार, दुकान, तराजू, हजार हे सगळे शब्द तिथेही भेटतात. आकडे तर आईनं दोन दिवसांत पाठ केले. यक, दु, से, चोर, पंज, शश, हफ्त. हफ्त म्हणजे सात, म्हणून सात दिवसांचा हप्ता. हे कळल्यावर तिला झालेला आनंद मी विसरणार नाही. एकाच शब्दानं आम्हाला फसवलं. मालकीणबाईंनी 'सब्झी' घालून केलेल्या भाताविषयी विचारलं, आईनं आनंदानं होकार दिला आणि पुढ्यात आलं गाजर. तिथे सब्झी म्हणजे फक्त गाजर! भातात मटण असतं म्हणून आईनं फक्त गाजर-मनुका खाल्ल्या, आणि नंतर चारही दिवस भोपळ्याचा सोम्सा, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, खरबूज आणि तंदूरमधली गोल नान यांवर मजेत राहिली. नान उलटी ठेवायची नाही, असा तिथे नियम आहे. माझ्या हातून एकदा उलटी ठेवली गेली, तर मालकीणबाईंनी काही न बोलता हळूच सुलटी केली.

आता घुमटांविषयी. टोकी झरगरोनमध्ये भर दुपारी शिरलो. बाहेर सप्टेंबरअखेरीचं कोरडं, डोळ्यांवर येणारं ऊन. आत दोन पावलं टाकली आणि अंगावरून वारा गेला. घुमटाच्या माथ्याला झरोके आहेत. तापलेली हवा वरून निघून जाते आणि चारही बाजूंच्या कमानींतून नवी हवा आत ओढली जाते. कमानी उंच आहेत, ओझं लादलेला उंट खालून जाईल एवढ्या. झरोक्यातून उतरणारा उजेड जमिनीवर पडत नाही, विटांच्या कडांवर अडतो. एकेक वीट तिरकी, आडवी, उभी बसवून ते गोल साधले आहेत. गिलावा नाही, रंग नाही. शहरभर निळ्या फरशांचं कौतुक होतं आणि ते योग्यच आहे, पण मला बुखाऱ्याची खरी कमाल या उघड्या विटांत दिसली. तसाच तो कलोन मिनार, ११२७ सालचा, सुमारे ४६ मीटर उंच. तोही विटांचाच, अंगावर एकाखाली एक वेगवेगळ्या नक्षीचे पट्टे. १२२० मध्ये चंगीजखानानं शहर जाळलं, त्यातून तो वाचला. आम्ही तो पहाटे पाहिला आणि पुन्हा रात्री दिव्यांत पाहिला. आर्क किल्ला, चोर मिनोर हेही बघितलं, पण त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही.

सराफांच्या टोकीत मात्र मी पुन्हा पुन्हा गेले. कारण इथे आपली माणसं होती. १५५८ साली अँथनी जेंकिन्सन हा इंग्रज व्यापारी बुखाऱ्यात आला, तेव्हा त्याला हिंदुस्थानातून पांढरं तलम कापड घेऊन आलेले व्यापारी भेटले. पुढे १८३२ मध्ये अलेक्झांडर बर्न्स आला, त्यानं इथे सुमारे तीनशे हिंदू राहत असल्याचं लिहून ठेवलं आहे, बहुतेक सिंधमधल्या शिकारपूरचे, त्यांच्या स्वतःच्या सराईत राहणारे. देऊळ बांधायचं नाही, मिरवणूक काढायची नाही, शहराच्या तटाच्या आत घोड्यावर बसायचं नाही आणि वेगळा ओळखू येईल असा पोशाख घालायचा, अशी त्यांच्यावर बंधनं होती. तरी हुंडीचा, सावकारीचा व्यवहार त्यांच्या हातात होता. काबूलपासून थेट रशियातल्या जत्रेपर्यंत यांच्या शब्दावर पैसा फिरायचा. टोकीच्या थंड कोपऱ्यात उभं राहून मी विचार करत होते, घरापासून इतकं लांब, देवासाठी चार भिंतीही नाहीत, आणि तरी माणूस वर्षानुवर्षं सचोटीनं हिशेब लिहितो. त्यांची नावं कोणत्याही पाटीवर नाहीत. मला ती असायला हवी होती.

आणि आता हौद.

टोकी सर्राफोनपासून दोन मिनिटांवर ल्याबी हौज आहे. ल्याबी हौज म्हणजे हौदाचा काठ. १६२० च्या सुमारास नादिर दिवानबेगी या वजिरानं हा बांधला. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, काठाला तुतीची जुनाट झाडं; त्यांतली काही १४७७ सालची, म्हणजे हौदाच्याही आधीची आहेत. पलीकडे गाढवावर बसलेल्या मुल्ला नसरुद्दीनचा पुतळा, त्यावर चढायला धडपडणारी मुलं. जागा एका म्हातारीच्या घराची होती, ती विकायला तयार नव्हती, शेवटी जोर करून ती घेतली, म्हणून याला 'जोराचा हौद' म्हणायचे, अशी लोककथा सांगतात. संध्याकाळी सगळं गाव इथे चहाला येतं. पहिल्या संध्याकाळी मला पायऱ्यांवर बसायचं होतं, पण आई काही केल्या खाली उतरेना. "नको, इथेच बरं आहे," म्हणत ती मागच्या टेबलावर बसली. गुडघे दुखत असतील असं मला वाटलं.

खरं कारण दुसऱ्या दिवशी कळलं. आमच्याबरोबर आलेला तरुण वाटाड्या सांगत होता, की पूर्वी बुखाऱ्यात गल्लीगल्लीत असे हौद होते. शाहरूद कालव्याचं पाणी त्यांत यायचं, पखाली पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालूनच पखाल भरायचे आणि घरोघर पोचवायचे. त्याच पाण्यातून 'रिश्ता' व्हायचा. रिश्ता म्हणजे धागा. पायातून धाग्यासारखा लांब किडा निघायचा.

"नारू," आई म्हणाली.

तिनं ते इतक्या शांतपणे म्हटलं की मी थांबलेच. मग तिनं सांगितलं. तिच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या पोटरीवर नारूचा व्रण होता. त्यांच्या गावाला पायऱ्यांची बारव होती, सगळं गाव तिचं पाणी प्यायचं. नारू बाहेर यायला लागला की काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली आणि तुटला तर पाय सडायचा. पेरणीच्या दिवसांत आजोबा दीड महिना बाजेवर पडून होते. "आम्हाला ताकीद होती, बारवेत पाय घालायचा नाही. अजून पाण्याच्या पायऱ्या दिसल्या की माझा पाय मागे येतो."

वाटाड्यानं डोळे मोठे करून ऐकलं. बुखाऱ्यातही न्हावी तसाच काडीवर गुंडाळून किडा काढायचे, तो म्हणाला. जेंकिन्सननंही १५५८ मध्ये हेच पाहून लिहून ठेवलं आहे. रोगी माणूस पाण्यात उतरला की त्या फोडातून अळ्या पाण्यात जातात, पाण्यातले बारीक पिसूसारखे जीव त्या खातात आणि ते पाणी प्यायलं की पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या पायात धागा. सोव्हिएत राजवट आल्यावर लिओनिद इसायेव या वैद्यकातल्या माणसानं हे चक्र तोडायचं ठरवलं. हौद उपसले, बुजवले, रोगी शोधून उपचार केले. आर्कसमोर आजही एक लोखंडी मनोरा उभा आहे, नळाच्या पाण्यासाठी १९२० च्या दशकात बांधलेला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बुखाऱ्यातला नारू संपला. आपल्याकडे शेवटचा रोगी १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. आजोबा तोपर्यंत नव्हते.

हौद गेले, त्याबरोबर बेडूक गेले, आणि बेडकांवर जगणारे करकोचेही गेले. पूर्वी बुखाऱ्याच्या मिनारांवर, घुमटांवर करकोच्यांची घरटी असायची. आता शहरात करकोचा उरला आहे तो लोहारांच्या दुकानात. टोपीवाल्यांच्या टोकीजवळ एका दुकानात करकोच्याच्या आकाराच्या कात्र्या मांडल्या होत्या. लांब चोच म्हणजे दोन पाती, अंगावर छिन्नीनं कोरलेली पिसं, मागे बोटं घालायच्या कड्या. लोहारानं एक कात्री उचलली, कापडाची चिंधी घेतली आणि चोचीच्या अगदी टोकानं एकच धागा कापून दाखवला. मग कात्री आईच्या हातात दिली. तिनं पात्यांवरून अंगठा फिरवला, कानाशी धरून उघडझाप केली, आवाज ऐकला. माझी आई चाळीस वर्षं शिवणकाम करते. तिला पारख आहे.

"दु सद," तो म्हणाला. दोनशे, म्हणजे दोनशे हजार, तिथले दोन लाख सोम.

"सद," आई म्हणाली.

लोहार चकित झाला, खुश झाला आणि दीडशेवर तयार झाला. आपल्या पैशांत हजारभर रुपये. तो पैसे मोजत असताना मी फोनवर त्याला फोटो दाखवले, उजनीच्या पाणथळ काठावरचे पांढरे करकोचे. मध्य आशियातले हे पक्षी हिवाळ्यात भारतात येतात. बाबा असताना आम्ही दर डिसेंबरला ते बघायला जायचो. त्यानं फोन हातात घेऊन फोटो मोठा केला, पुन्हा लहान केला आणि भट्टीवरच्या मुलाला हाक मारून दाखवला. "हिंदिस्तोन?" त्यानं विचारलं. मी मान डोलावली. त्यानं छातीवर हात ठेवला.

शेवटच्या संध्याकाळी पुन्हा ल्याबी हौज. मी टेबलाकडे वळले, तर आई पुढे निघाली होती. काठाला हात टेकत तिनं एकेक पायरी उतरली आणि पाण्यापासून तिसऱ्या पायरीवर बसली. पाय अंगाशी घेऊन, साडी घोट्यांभोवती आवळून. मी चहाची किटली आणि दोन पियाले घेऊन तिच्याशेजारी जाऊन बसले. समोरच्या खानकाहाची, म्हणजे सूफींच्या मठाची, कमान पाण्यात हलत होती. आम्ही फार बोललो नाही. दिवे लागल्यावर ती उठली, पियाल्यात उरलेला कोमट चहा तिनं वर जाऊन त्या जुन्या तुतीच्या मुळाशी ओतला, आणि पियाला पदरानं पुसून चहावाल्या पोराला परत दिला.